टिलर, छप्पर की गडगा: हातातल्या चार लाखांत आधी काय?

पत्राचा गोषवारा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून पंचेचाळिशीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान मुंबईत नोकरीला, मुलगी शिकायला बाहेर, घरी त्या आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. जमीन साडेचार एकर: तीस गुंठे भाताची खाचरं, दीड एकरात काजूची एकशेदहा झाडं, घरामागे कराराने दिलेली अठरा हापूस कलमं, बाकी वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची गवताळ जमीन. सातबारा अजून दिवंगत सासऱ्यांच्याच नावावर. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं. दोन पावसाळे पडवी आणि माजघराचा एक कोपरा गळतोय. गेल्या वर्षी मार्चमध्ये डोंगरावरून वणवा उतरला आणि काजूची बारा झाडं गेली. गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, दोन ठिकाणी कोसळला आहे, खाचरांचा एक बांध फुटला आहे. यजमानांनी चार लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यातून मोठा पॉवर टिलर, म्हणजे मागून धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र, घ्यावा आणि उरलेल्या पैशांत गणपतीआधी ओटीवर स्लॅब आणि सगळ्या घरात टाइल्स कराव्यात, असं त्यांचं म्हणणं. ताई लिहितात, ‘यंत्र आलं की निम्मी चिंता जाईल असं हे म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण नेमकं काय वाटतं ते सांगता येत नाही. जमीन पड राहिली तर लोक नावं ठेवतील. सगळंच करायला हवं आणि काहीच पुरं होत नाही. आधी काय करू?’ शिमग्याला यजमान गावी येतील तेव्हा सगळं ठरायचं आहे.

ताई,

यंत्र आलं की निम्मी चिंता जाईल, या तुमच्या यजमानांच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते मनापासून म्हणत असणार. तुम्ही एकट्या राबता हे त्यांना दिसतं आणि लांबून मदत करायची तर पैसे पाठवणं आणि वस्तू घेऊन देणं एवढंच हातात असतं. पण यंत्र घरी येईल तेव्हा ते चालवायला ते नसतील, तुम्ही असाल. तेव्हा कोटेशनवरचा आकडा बघण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: हे यंत्र सुरू कोण करणार?

बारा-पंधरा अश्वशक्तीचा डिझेल टिलर चारशे किलोच्या आसपास भरतो. अनेक मॉडेल्स अजून हॅण्डल मारूनच सुरू करावी लागतात. तुमची खाचरं डोंगरउताराची, एकाखाली एक. तो वरच्या खाचरातून खालच्यात उतरवताना बांधावर फळ्या टाकाव्या लागतात, एक माणूस पुढे, एक मागे. चिखलात वळवताना मुठीला जो झटका बसतो तो खांद्यापर्यंत जातो. बायका टिलर चालवत नाहीत असं मी म्हणत नाही, चालवणाऱ्या मला माहीत आहेत. पण तुमच्या पत्रात टिलर शिकायची इच्छा कुठे दिसली नाही. तुम्हाला ती नसेल तर टिलर आल्यावर दरवर्षी एक चालवणारा शोधणं हे नवं काम तुमच्याच माथी येईल. म्हणजे आज भाड्याच्या टिलरसाठी ज्याच्यामागे तुम्ही धावता, बहुतेक त्याच माणसाच्या मागे उद्या स्वतःच्या टिलरसाठी धावाल.

आता तुम्हीच दिलेले आकडे मांडू. गेल्या वर्षी उखळणी (पहिली नांगरट) आणि चिखलणी मिळून भाड्याचा टिलर नऊ तास चालला, तासाला साडेसहाशेने ५,८५० रुपये झाले. नवा टिलर दोन लाख दहा हजारांचा. अनुदान अल्पभूधारकांना आणि महिलांना किमतीच्या निम्म्यापर्यंत असतं, पण त्याला कमाल मर्यादाही असते. तेव्हा खिशातून सव्वा लाखाच्या आसपास जातील असं धरून चाला. डिझेल, ऑइल, बेल्ट, पाती, दुरुस्ती काहीच न धरता हे पैसे भाड्याच्या हिशेबाने फिटायला वीस वर्षांहून जास्त लागतील. वर्षात नऊ तास चालणारं यंत्र उरलेलं वर्षभर मांगरात उभं राहणार, आणि कोकणच्या दमट हवेत उभं राहिलेलं यंत्र गंजतं.

हा हिशेब यजमानांपुढे ठेवलात तरी ते एक गोष्ट म्हणतील आणि ती खरी आहे: भाड्याचा टिलर वेळेवर येत नाही. गेल्या वर्षी तो वीस दिवस उशिरा आला आणि तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, जास्त वाढून जुनी झाली, फुटवे कमी आले, हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे दुखणं वेळेचं आहे, भाड्याचं नाही. वेळेच्या दुखण्यावरचा इलाज दोन लाखांपेक्षा स्वस्तात होतो. तुमच्या वाडीत आजूबाजूची चार-पाच घरं त्याच टिलरवाल्याकडे स्वतंत्रपणे जातात. पाऊस लागला की सगळ्यांचे फोन एकाच आठवड्यात. तुम्ही पाच घरांनी मिळून मे महिन्यातच त्याच्याशी बोला. तुमची सगळ्यांची मिळून तीन-साडेतीन एकरांची सलग खाचरं आहेत, यंत्र एकदा उतरवलं की चार दिवस तिथेच राहील, थोडी रक्कम आगाऊ मिळेल. हा सौदा त्यालाही परवडणारा आहे. जोडीला तरव्याची पेरणी एकदम न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करा. निम्म्या क्षेत्रात कर्जत-३ सारखं हळवं (लवकर तयार होणारं) आणि खालच्या पाणथळ खाचरांत निमगरवं (त्याहून थोडं उशिरा येणारं) भात असं लावलंत, तर लावणी आणि कापणी दोन्हींची गर्दी फुटते.

रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राईस तंत्र, म्हणजे एसआरटी, कोकणात बऱ्याच शेतकऱ्यांनी करून बघितलं आहे. एकदा गादीवाफे घातले की दरवर्षी नांगरणी नको, चिखलणी नको, लावणी नको, वाफ्यावर थेट टोकण. तणाचा बंदोबस्त मात्र काटेकोर लागतो आणि त्यासाठी तणनाशक वापरतात, हे माहीत असू द्या. पाणी साचून राहणाऱ्या खाचरात ते करू नका. तुमच्या वरच्या, निचऱ्याच्या चार-पाच गुंठ्यांत एक वर्ष बघायला हरकत नाही. ते जमलं आणि पुढे निचऱ्याच्या बाकी खाचरांत वाढवलंत, तर टिलरची गरजच कमी होईल.

मग यंत्र घ्यायचंच नाही का? घ्या, पण तुमच्या हातात बसेल असं. दीड एकर काजू, कलमांखालची जमीन आणि घराची पायवाट, यातलं गवत हे तुमचं खरं वर्षभराचं यंत्राचं काम आहे, आणि त्यासाठी आज तुम्ही माणसं शोधता. चार स्ट्रोकचा पेट्रोल ग्रास कटर घ्या. त्यात पेट्रोल आणि ऑइल मिसळायची भानगड नसते. पाठीवरचा आणि खांद्यावर पट्ट्याने अडकवायचा, दोन्ही दुकानात उचलून, अंगावर चढवून, पाच मिनिटं उभ्या राहून बघा. वजन कागदावर कळत नाही. पातं आणि नायलॉन दोरी, दोन्ही घ्या. मोकळ्या जागेत पातं चालतं, पण झाडाच्या बुंध्याजवळ दोरीही लावू नका, तिथलं गवत कोयतीनेच काढा. कोवळ्या कलमाची साल एकदा गोलाकार सोलली गेली की ते झाड वाळतं, आणि दोरीने साल सोलली जाते हे कित्येकांना झाड वाळल्यावर कळतं. आपल्या कातळ्या जमिनीत खडे उडतात. डोळ्यांवर जाळीचा मुखवटा आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घातल्याशिवाय सुरू करू नका. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आत राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबतो. ‘नवंच आहे पण चालू होत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

आता घर. इथे तुमच्या आणि यजमानांच्या दोघांच्याही मनात एक गृहीत आहे: घराचं काम म्हणजे गणपतीला लोक आल्यावर दिसणारं काम. मला त्यामागची भावना समजते. वर्षातून एकदा सगळी माणसं येतात, घर चांगलं दिसावं असं कुणाला वाटणार नाही? पण गळक्या छपराखाली टाइल्स घालणं म्हणजे खर्च दोनदा करणं. सगळ्या कामांना मी एकच प्रश्न लावते आणि तुमच्यासारख्या प्रत्येकाने तो लावून बघावा: हे काम या पावसाआधी झालं नाही तर काय बिघडेल, आणि जे बिघडेल ते पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत दुरुस्त होईल का? टाइल्स पुढच्या वर्षी त्याच किमतीला, फार तर थोड्या जास्तीला, होतील. गळतीखालचा वासा मात्र पुढच्या वर्षी कुजलेला असेल, त्याच्याबरोबर रीप जाईल, मग भिंतीचा माथा भिजेल. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीचा माथा भिजायला लागला की घर खचायला वेळ लागत नाही.

गवंडी, सुतार बोलवण्याआधी स्वतः एक काम करा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभ्या राहा आणि वर बघा. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे खाली जमिनीवर खडूने खूण करा. मग शिडी लावून त्या खुणांवरच्या वाशांना जुना स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. टणक लागला तर वासा ठीक. टोक लाकडात सहज रुतलं तर तो बदलायचा. भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते जोत्यापासून पाहा, ती वाळवी आहे. नळी खरवडून काढली म्हणजे वाळवी गेली असं होत नाही, जोत्यालगतच्या जमिनीत उपचार करावा लागतो. आणि छपराच्या दोन उतरणी जिथे मिळतात ती पन्हळ नीट बघा. माजघराचा कोपरा गळतोय असं तुम्ही लिहिलंत; अशा कोपऱ्यातली गळती बहुतेक वेळा फुटक्या कौलाची नसून पन्हळीत अडकलेल्या पाल्याची किंवा गंजलेल्या पत्र्याची असते. हे सगळं वहीत लिहून ठेवलंत की सुतार ‘सगळंच छप्पर काढायला लागेल’ म्हणाला तरी तुम्हाला नेमकं विचारता येईल: कुठला वासा, दाखवा.

कौलं उतरवून पत्रा घालावा का, हा प्रश्न यजमान काढतीलच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात आणि आपल्या मंडणगड-दापोलीत कौलंही उडाली आणि पत्रेही उडाले. पत्रा हलका, काम झटपट, माकडांनी कौलं फोडायचा त्रास संपतो, हे खरं. उन्हाळ्यात घर तापतं आणि पावसात आत बोलणं ऐकू येत नाही, हेही खरं. तुमचे बहुतेक वासे धड निघाले तर मी कौलंच शाकारून घेईन आणि माकडांचा उपद्रव असलेल्या पडवीवर तेवढा पत्रा घालीन. ओटीवरच्या स्लॅबला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर स्लॅबचं ओझं टाकायचं असेल तर आधी इंजिनिअरला भिंत आणि पाया दाखवायला हवा, नुसत्या ठेकेदाराच्या शब्दावर ते करू नये. तीच गोष्ट सिमेंटच्या गिलाव्याची. चिरा सच्छिद्र असतो, ओल पितो आणि बाहेर टाकतो. बाहेरून सिमेंटने लिंपलं की ओल आत कोंडते, आणि दोन-तीन पावसांत पोपडे धरतात. चुन्याचा गिलावा करणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर भिंत उघडी ठेवून पावसाच्या झोडीच्या बाजूला नेहमीसारखी झावळ्यांची झापं बांधा. पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडतंय का, हेही बघा. उडत असेल तर भोवती चिऱ्यांचं उथळ गटार करून पाणी घरापासून दूर काढणं हे टाइल्सच्या आधीचं काम आहे.

ताई, तुमच्या पत्रात ओझरती आलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटली. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि रात्री अंगण ओलांडून त्यांना संडासला जावं लागतं, तुम्ही बॅटरी घेऊन सोबत जाता. हे तुम्ही गैरसोय म्हणून लिहिलंय, कामांच्या यादीत घातलेलंच नाही. पावसात शेवाळलेल्या अंगणात त्या पडल्या तर पुढचं वर्ष तुमचं आणि त्यांचं कसं जाईल, याचा विचार करा. मघाचा प्रश्न याला लावला तर उत्तर लगेच मिळतं. पडवीच्या कोपऱ्यात कमोड, भिंतीला धरायला दांडा, खरखरीत फरशी, उंबरा नको, दिव्याचं बटण दाराबाहेर. शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट आणि विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. चार लाखांतला पहिला खर्च हा असावा असं माझं मत आहे, छपराच्याही आधी.

पण कुठल्याही खर्चाआधी, घर कोणाचं हे बोलून घ्या. घरपट्टी कोणाच्या नावावर येते? तुमच्या दिरांचा या घरात वाटा आहे, तेही गणपतीला इथेच उतरतात. मग छपराचा सगळा खर्च तुम्ही करायचा का? शिमग्याला सगळे आले की एकत्र बसून एका कागदावर लिहा की काय काम, किती खर्च, कोण किती देणार, आणि पुढे वाटणी झाली तर या खर्चाचा विचार कसा करायचा. आजची दोन मिनिटांची अवघड वाटणारी गोष्ट आहे. न बोलता राहिली की पुढे भाऊबंदकीत निघते आणि तेव्हा तुम्ही राबलेली वर्षं कुणाच्या लक्षात नसतात.

जमिनीकडे वळते. जमीन पड राहिली तर लोक नावं ठेवतील, असं तुम्ही लिहिता. नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची वरकस गेल्या दहा वर्षांत साफ केली आहे, ते मनातल्या मनात मोजून बघा. साडेचार एकर ही कधीकाळी सात-आठ माणसांच्या एकत्र घराने सांभाळलेली जमीन. ती एका बाईने तशीच्या तशी राखावी ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे, आणि ती अपेक्षा तुमची तुमच्याकडूनच सगळ्यात जास्त आहे. जमीन सोडून देणं वेगळं आणि ठरवून बाजूला ठेवणं वेगळं. वरच्या पावणेदोन एकर वरकसातलं गवत कापू नका, तिथे काही लावूही नका, ऐन-किंजळीची झाडं उगवतील ती उगवू द्या. फक्त तिच्या कडेची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, राखा.

त्या जाळरेषेचं मात्र काहीही झालं तरी करा. बारा काजू गेले ते गडगा पडला म्हणून नाही, वाळलेलं गवत डोंगरापासून थेट बुंध्यापर्यंत सलग होतं म्हणून. आत्ता माघ चालू आहे, वणव्याचे दिवस तोंडावर आहेत. काजूबागेच्या डोंगराकडच्या बाजूला दहा ते बारा फूट रुंदीचा पट्टा याच पंधरवड्यात कापून घ्या आणि कापलेलं गवत तिथून उचला. ते पट्ट्यातच पडून राहिलं तर काही उपयोग नाही. पट्टा जाळून साफ करायचा मोह टाळा, वारा फिरला की तीच आग बागेत येते. झाडांच्या बुंध्याभोवती चार-पाच फुटांचं आळं गवताविना ठेवा. त्यात आणखी एक फायदा आहे: खोडकिडा लागला तर बुंध्याजवळ भुसा पडलेला आणि डिंक गळताना दिसतो. गवतात तो दिसत नाही आणि झाड पिवळं पडेपर्यंत कळत नाही. पुढच्या वर्षीपासून हेच काम दिवाळीनंतर लगेच, गवत पुरतं वाळायच्या आत करा.

गडग्याचं म्हणाल तर दोन ठिकाणी कोसळलेला भाग तेवढा रचून घ्या. सगळीकडे नवा चिऱ्याचा कंपाउंड हा खर्च आत्ता नको. माकडं आणि रानडुकरं त्याने थांबत नाहीत. भाताच्या खाचरांचा फुटलेला बांध मात्र पावसाआधी बांधायलाच हवा, कारण तो आणखी फुटला की वरच्या खाचराची माती खालच्यात जाते आणि ती परत आणता येत नाही. हे काम दोन गड्यांचं दोन-तीन दिवसांचं आहे. एप्रिलवर ढकलू नका. एप्रिलमध्ये काजू वेचायला माणूस लागतो आणि तेव्हा बांधाला कोणी येत नाही.

खाचरांपैकी लांबची दहा गुंठे शेजाऱ्याला कसायला द्यावी का, असंही तुम्ही विचारलं आहे आणि लगेच ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, अशी भीतीही लिहिली आहे. कोकणात ती भीती १९५७ मध्ये कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना मालक मानलं तेव्हापासूनची आहे आणि ती उगाच नाही. पण त्या भीतीपायी किती जमीन पड राहिली, हेही आपण बघतो. द्यायची तर तोंडी देऊ नका. एका हंगामापुरतं लेखी करा, कागद वकिलाला दाखवून घ्या आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, दर हंगामात तुमच्याच घरातल्या माणसाने मोबाईलवरून नोंदवा. ते पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि ते दुसऱ्यावर सोडायचं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी सातबारा आहे. सासऱ्यांच्या नावावरची जमीन तशीच राहिली तर यंत्राचं अनुदान असो, पीक विमा असो की शेतकरी ओळख क्रमांक, प्रत्येक ठिकाणी तुम्ही अडणार. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा महसूल विभागाच्या ई-हक्क पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, उशीर झाला म्हणून तो होत नाही असं नाही. सासूबाई, यजमान, दीर आणि नणंदा, सगळ्यांची नावं लागतील. नणंदांना डावलून नोंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कायद्याने त्यांचा हक्क आहे. पुढे रीतसर वाटणी होऊन यजमानांच्या नावावर त्यांच्या हिश्श्याची जमीन आली की त्यांनी लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तुमचं नाव सहधारक म्हणून लावावं. ही सोय महाराष्ट्रात १९९२ पासून आहे आणि त्यासाठी पतीने स्वेच्छेने तहसीलदारांकडे अर्ज करायचा असतो. जी बाई वर्षभर जमीन राखते तिचं नाव त्या जमिनीवर असावं, हे मी पत्रोपत्री सांगते आणि सांगत राहीन. हे यजमानांशी बोलायला संकोच वाटेल. टिलरच्या अनुदानाच्या निमित्तानेच हा विषय काढा: महिलांना अनुदान जास्त आहे, पण महिलेच्या नावावर जमीन हवी.

पैशांचं मी असं मांडीन. संडास आणि पावसापुरतं छप्पर यांचे आकडे आधी गवंडी आणि सुताराकडून लेखी घ्या. ग्रास कटर, जाळरेषा, बांध आणि गडगा यांचा मिळून तिसरा आकडा मांडा. यानंतरही किमान एक लाख हाताला न लावता ठेवा. मे महिन्यात वादळ आलं किंवा सासूबाईंचं काही उद्भवलं तर त्या वेळी कर्ज काढायला नको. टाइल्सना पुढचं वर्ष द्या.

वेळेचं त्याहून अवघड आहे, कारण शिमग्यापासून मृगापर्यंत काजू, राब भाजणी (तरव्याच्या जागेवर पालापाचोळा जाळणं), छपराचं काम आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी सगळं एकाच वेळी येतं. तेव्हा सुताराला काजूचा मुख्य बहर ओसरल्यावरची तारीख द्या, पण १५ मे च्या पुढे जाऊ देऊ नका. वळवाचा पाऊस उघड्या छपरावर आला तर घरातलं धान्य आणि सासूबाई दोघांना कुठे हलवणार? काजू वेचणीला दोन बायका हिश्श्याने मिळत असतील तर यंदा घ्या. थोडं उत्पन्न कमी होईल, पण सुतार घरात असताना तुम्ही बागेत नसाल. आणि उमेद या सरकारी अभियानातल्या तुमच्या महिला बचत गटात ग्रास कटरचा विषय काढा. पाच-सहा जणींची गरज सारखी असेल तर गटाचं एक यंत्र, पाळीपाळीने वापरायचं आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक वापरामागे थोडे पैसे पेटीत टाकायचे, हे स्वतंत्र यंत्रापेक्षा बरं पडू शकतं. यंत्र कोणाच्या घरी राहणार आणि मोडलं तर कोण भरणार, एवढं आधी लिहून घ्या.

ताजा कलममध्ये तुम्ही लिहिलंय की यजमानांनी टिलरच्या बुकिंगचे दहा हजार भरलेत आणि विक्रेता म्हणतो, ‘आधी घ्या, अनुदान मागाहून होईल.’ तसं होत नाही. महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज, निवड, मग कृषी विभागाची पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी, असा क्रम आहे. पूर्वसंमतीआधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. आणि सातबारा सासऱ्यांच्या नावावर असताना तुमच्यापैकी कोणालाच आज अर्ज करता येणार नाही. यजमानांना आजच फोन करून सांगा की उरलेली रक्कम भरू नका, पावती जपून ठेवा आणि दहा हजार परत मागा. परत देत नसेल तर तेवढ्या रकमेचा ग्रास कटर त्याच दुकानातून घेता येतो का, ते विचारा.